युक्तीखालचं गाव

नांदेडात खाजाभाईच्या टायपिंगच्या दुकानात दर रविवारी लिनक्सवाल्यांची बैठक भरायची. सॉफ्टवेअर फुकट, शिकवणी फुकट, चहा तेवढा ज्याचा त्याचा. ज्याला संगणकाची जी युक्ती सापडली ती त्यानं वहीत लिहायची आणि खाली नाव-गाव टाकायचं. नाव-गाव नसेल तर खाजा ती युक्ती कुणाला वाचू द्यायचा नाही.

हा दंडक पडला सुदर्शनमुळं. भूकंपात त्याचं चिंचमाळ भुईसपाट झालं, आईबाप गेले, आणि सरकारनं वसवलेल्या वस्तीला दुसरंच नाव मिळालं. "माझं गाव आता कुठल्याच कागदावर न्हाई, खाजाभाई," म्हणत तो एका रविवारी ढसाढसा रडला. खाजानं वही पुढं सरकवली. "इथं लिही. हा कागद आपला हाय." सुदर्शननं लिहिलं: लाइट कधीही जाते, म्हणून दर दोन मिनिटाला फाईल आपोआप सेव्ह होईल असं लावून ठेवा. सुदर्शन, चिंचमाळ.

पुढं त्यानंच सगळी वही टाइप केली. लातूरच्या एका कोचिंगमध्ये त्याला नोकरी लागली, तेव्हा पेढे खाजानं वाटले. अहो, स्वतःच्या भावासाठी वाटले नव्हते.

वर्षभरानं त्याच कोचिंगमध्ये शिकणारी खाजाची लेक इकरा सुट्टीला घरी आली ती तिथली एक पुस्तिका घेऊन. वरती कोचिंगच्या मालक सरांचा फोटो, आत वहीतल्या युक्त्या, चुकांसकट. नाव एकही नाही, गाव एकही नाही. वर दम काय, तर नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल. चोराच्या उलट्या बोंबा! नकलेचं खाजाला काही नव्हतं. 'घ्या, वाटा, नावं तेवढी राहू द्या' असं त्यानंच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. पण नावं गिळली, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

वहीतल्या चाळीस जणांच्या नाव-गावांची यादी खिशात घालून त्यानं लातूरची एसटी धरली. सरांनी हे परस्पर केलं असणार, सुदर्शनला कळलं तर तो भांडेल, अशी त्याची खात्री.

सुदर्शन जिन्यातच भेटला, गळ्यात ओळखपत्र. खाजानं हातात दिलेली यादी त्यानं उघडली नाही.

"नावं मीच काढली, खाजाभाई. सर म्हणले, खेड्यापाड्याची नावं बरी दिसत न्हाईत."

"चिंचमाळ बी?"

"पहिलं तेच काढलं. मग तुमची काढायला हात अडला न्हाई."

खाजाला रागही धड येईना. त्यानं वाईट वाटून त्याच्याकडं पाहिलं. तेवढ्यात एक बाप पोराचं ॲडमिशन घेऊन खाली उतरत होता. त्यानं सुदर्शनला अदबीनं हात जोडले.

"गुरुजी, आपलं गाव कोणतं म्हणायचं?"

सुदर्शननं खाजाकडं बघायचं टाळलं.

"लातूर," तो म्हणाला. "इथलाच हाय मी."

खाजानं त्याच्या हातातली यादी घेऊन परत खिशात घातली आणि तो स्टँडकडं चालू लागला.