कुर्म्यातली सुई

डाग रुपयाएवढाही नव्हता. दिव्याने कापड उजेडात धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मोरीतच खाली बसली.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भ पिशवीत सोडला त्याला थोडेच दिवस झाले होते. सोमवारी गडचिरोलीला रक्त द्यायचं, मग कळणार होतं तो रुजला की नाही. आणि आज शनिवार.

तिच्या नवऱ्याने, सुरजने, अंगणात जाऊन नागपूरला फोन लावला. परत आला तो घाईघाईने बोलत. "बाई म्हणते, थोडं दिसू शकते. घाबरू नका, फक्त इंजेक्शन चुकवू नका. तू कोणाले सांगूच नको. दोन दिवसाचा तर प्रश्न हाये."

सुरज आश्रमशाळेत मास्तर होता, त्याला हे बोलणं सोपं होतं. पण पलीकडच्या खोलीत घरचे पेन होते, कुळाचे देव. डाग लागलेल्या बाईने त्या छपराखाली थांबायचं नसतं, गावाच्या कडेला, पाळीतल्या बायकांच्या कुर्माघरात जाऊन राहायचं असतं. आईने, आजीने, सगळ्यांनी हेच केलेलं. दिव्याला देवाची भीती वाटली असं नाही. तिला वाटलं, मी लपवून राहिले आणि त्यापायीच हा गेला, तर?

तिने चादर उचलली.

"आणि सुई कोण देईल?" सुरज ओरडला. रोज संध्याकाळी तोच द्यायचा. कुर्म्यातल्या बाईला पुरुषाने शिवायचं नाही, आणि गावातली आशाताई माहेरी गेलेली. दिव्याने चादर काखेत मारली. ती गेली.

"या या, पाटलीणबाई आल्या!" कुर्माघराच्या ओसरीवर गावातली सोमारी, तीही पाळीसाठी आलेली, केस विंचरत होती. दिव्याला सगळ्या तिथे पाटलीण म्हणायच्या, कारण बाकीच्या पाच दिवसांत घरी जात आणि दिव्याचं रक्त दहा-दहा दिवस थांबायचं नाही, जणू कुर्माघर तिच्याच मालकीचं. तिच्या पिशवीची भिंतच सुजलेली होती. दर पाळीला रक्त भिंतीच्या आतही झिरपायचं, आणि पोटात कोणी पिळा घातल्यासारखी ती गुडघे छातीशी घेऊन पडून राहायची. अशा भिंतीला गर्भ धरणं कठीण, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. सोमारीने तिचा चेहरा पाहिला आणि फणी खाली ठेवली. "रडू नको वं. बस इथी."

संध्याकाळी सुरज आला. कुंपणाबाहेरच्या दगडावर त्याने सुई, कुपी, कापूस ठेवला आणि मागे सरला. दिव्याने कुपी उचलली. सुई कमरेच्या मागच्या बाजूला, वरच्या अंगाला, खोल द्यायची. तिचा हात तिथे पोचेना. वळून वळून ती घामाघूम झाली. सोमारीने सुई हातात घेतली, आणि डोळे गच्च मिटून परत ठेवली.

तेवढ्यात सोनीबाई आली. दिव्याची सासू, आणि नात्याने सख्खी आत्या. तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. कुंपणापाशी ती क्षणभर थांबली, लुगडं खोचलं आणि सरळ आत आली.

"आत्ये, मले शिवशील तर घरात..."

"शिवली तर शिवली. आता मी पण इथीच राहीन. त्याले शिजवू दे भात." ती बसली. "सांग, कशी देतेत. बैलाले टोचते तशीच काय वं?"

"तशीच," सोमारी म्हणाली. "फक्त बैल लाथ मारते."

सुरज कुंपणाबाहेरून सांगत गेला. औषध तेलासारखं दाट असतं, आधी कुपी मुठीत धरून ऊब द्यायची. सोनीबाईने ती दोन्ही मुठींत धरली आणि पाखराचं पिल्लू धरावं तशी छातीशी नेली. मग तिने औषध सुईत ओढलं आणि टोचलं. सुई वाकडी गेली, दिव्या कळवळली. मग सोनीबाई कितीतरी वेळ ती जागा चोळत राहिली.

रविवारी रक्त वाढलं. दिव्या पहाटेच नाल्यावर जाऊन कापडं धुऊन आली. सोनीबाईने ओली कापडं पाहिली. "बाई म्हणाली ना, दिसते म्हणून," ती म्हणाली आणि सुरजच्या करपलेल्या भाताला शिव्या देऊ लागली.

सोमवारी दिव्या आणि सुरज एसटीत वेगवेगळ्या बाकांवर बसून गडचिरोलीला गेले, दिव्याने रक्त दिलं. दुपारी, स्टँडवरच, नागपूरहून फोन आला. बाई हळू बोलत होत्या. रुजला नाही. गोठवून ठेवलेल्या गर्भांतला तो शेवटचाच होता. या पिशवीत पुन्हा प्रयत्न करा असं मी म्हणणार नाही. इंजेक्शन आजपासून बंद करा.

संध्याकाळी दोघं गावात उतरले. कुर्माघराच्या वळणावर सुरज थांबला. "आईले तूच सांग. माझ्यानं नाई होत."

ओसरीवर सोनीबाई वाटच पाहत होती. कुपी तिच्या मुठीतच होती.

"ये लवकर. गरम करून ठेवली. आज सोमारीच्या उशीवर शिकली मी, पाण्यानं."

"उशीचा पार चाळणा केला," सोमारी हसली. "आता डॉक्टरीणच झाली तुई आत्या."

दिव्या उभी राहिली. शब्द ओठांपर्यंत आले होते. सोनीबाईने सुईत औषध ओढलं, उजेडाकडे धरून बुडबुडा काढला. हात जरासुद्धा हलला नाही. ती वर पाहून हसली.

दिव्या कुशीवर झोपली आणि पातळ सरकवलं.

"दुखलं काय वं?"

"नाई, आत्ये."

"पाह्य, म्हटलं होतं ना, शिकली म्हणून." सोनीबाई चोळू लागली, औषध आतपर्यंत पसरावं म्हणून, हळूहळू, गोल गोल. दिव्याने तोंड भिंतीकडे केलं. थांब, एवढंच म्हणायचं होतं. तिला ते म्हणता आलं नाही.