काचेवरचा आकडा

गल्लीत सगळे त्याला ‘बघू’ म्हणत. पन्नाशी उलटलेला गिअरबॉक्सचा मिस्त्री. गाडी कधी मिळेल, असं विचारलं तर तो म्हणे, बघू. गिअर आता अडकणार नाही ना, असं विचारलं तरी बघू. गाडी सांगितल्या दिवशी मिळायची आणि गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडायचा, पण छातीठोकपणे काही सांगणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं की हा वर्कशॉपच्या दारात कान देऊन उभा राही, आणि आवाज वळणापलीकडे विरला की मगच आत येऊन हात धुई.

अशा माणसानं शर्यतीची गाडी बनवायला घेतली, याचं गल्लीला नवल वाटलं. त्याला स्वतःलाही वाटलं.

गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची. चार दारांची, दुधाळ रंगाची, संसारी गाडी. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी दारात धूळ खात उभी राहिली, तेव्हा ताईच्या मुलीनं मामाच्या मागे लकडा लावला. ही भाची रुग्णवाहिका चालवायची. सगळा दिवस लोकांना धक्का न लावता चालवायचं, सुट्टीच्या दिवशी तरी एकदा पाय पुरता दाबून बघू दे, हे तिचं म्हणणं. शहराबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे हंगामात तीन वेळा चारशे मीटरच्या सरळ शर्यती होत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सोडायच्या, पंधरा-वीस सेकंदांत निकाल.

ताईनं गाडी दिली, पण अट घातली. तिची सगळी नोकरी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेलेली. मोघम काही तिला चालत नसे.

“येत्या हंगामात एक फेरी जिंकून दाखवा,” ती म्हणाली. “एकच. जिंकलात तर गाडी तुमची. नाही जिंकलात तर शेवटच्या शर्यतीनंतरच्या रविवारी ती माझ्या दारात हवी. जशी होती तशी. मागच्या सीटसकट.”

“चालेल,” भाची म्हणाली.

“तुला नाही विचारलं. याला विचारलं.”

“बघू,” मिस्त्री म्हणाला.

“हो म्हण नाही तर नाही म्हण.”

त्यानं मान डोलावली, तेवढ्यावर ताईनं समाधान मानलं.

पुढचे आठ महिने तो वर्कशॉपचं काम आटोपलं की त्या गाडीखाली. आधी तिला हलकं केलं. मागची सीट गेली, चालकाशेजारची गेली, गालिचा गेला, छताचं अस्तर गेलं, दारांच्या आतले पत्रे गेले. जमिनीला चिकटवलेला डांबरी थर त्यानं आठवडाभर पटाशीनं खरवडला. मग इंजिन. हेड काढून घासून घेतलं, नवा कॅमशाफ्ट घातला, इंजिनला हवा-पेट्रोल पाजणाऱ्या एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले आणि दोघांचे सूर जुळेपर्यंत तीन दिवस स्क्रूड्रायव्हर हातातून सोडला नाही. मागच्या धुऱ्यातली दातेरी चाकं बदलली, त्यामुळे गाडीचा कमाल वेग घटला, पण जागेवरून उठताना ती मांजराला पाणी मारल्यासारखी उठू लागली. मागची चाकं मऊ रबराची आणली. त्यांत हवा किती ठेवायची, यावर मामा-भाचीत पंधरा दिवस अबोला होता. शेवटी तिचं खरं निघालं.

कारखान्यातून आली तेव्हा त्या गाडीला चारशे मीटरला एकोणीस सेकंद लागत असावेत. पहिल्या शर्यतीच्या दिवशी तिला किती लागतील, हे मात्र मिस्त्रीला सांगता येईना. आणि तिथे ते सांगणं भागच होतं.

त्या धावपट्टीवरचा नियम असा. येणाऱ्या गाड्या तऱ्हेतऱ्हेच्या, कुणाची बारा सेकंदांत जाणारी, कुणाची वीस. बरोबरी व्हावी म्हणून प्रत्येकानं आपल्या गाडीला किती वेळ लागेल ते आधी सांगायचं आणि पांढऱ्या रंगानं पुढच्या काचेच्या कोपऱ्यात लिहायचं. दोन आकड्यांत जितका फरक, तितका वेळ हळू गाडीचा दिवा आधी हिरवा होतो. मग जो आधी पोचेल तो जिंकला. पण कुणी मुद्दाम जास्त वेळ लिहून आयती आघाडी घेऊ नये म्हणून पुढचं कलम होतं: लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात पोचलात, सेकंदाच्या शंभराव्या भागानं जरी, तरी बाद.

पहिल्या शर्यतीला मिस्त्रीनं काचेवर लिहिलं सतरा. सरावाचा वेळ बोल्ट आवळण्यात गेलेला, त्यामुळे आकडा नुसता अंदाजाचा. गाडी गेली सोळा अडतीसमध्ये. समोरच्याच्या कितीतरी आधी पोचली आणि बाद झाली.

“सोळा अडतीस,” मिस्त्री घरी जाताना पुन्हा पुन्हा म्हणत होता. “सोळा अडतीस म्हणजे काय झालं.”

“हरलो, ते झालं,” भाची म्हणाली. “मामा, तू गाडीला कमी लेखतोस.”

“मला वाटलं, सतरा म्हणजे गाडीकडून जास्तच मागतोय की काय.”

दुसऱ्या शर्यतीआधी सरावात पंधरा ब्याऐंशी आले. त्यानं पंधरा ऐंशी लिहिलं. आणि मग, फेरीला अर्धा तास असताना, एवढं तरी जमेल की नाही या धास्तीनं गाडीखाली शिरून त्यानं सायलेन्सर उतरवला. पंधरा एकेचाळीस. बाद. परत आल्यावर भाची गाडीतून उतरली, वर्कशॉपमध्ये गेली, पान्यांची पेटी उचलली आणि स्वतःच्या घरी घेऊन गेली.

तिसरी शर्यत शेवटची. तिच्यासाठी त्यानं महिनाभर जे करायचं ते केलं, ते भाचीच्या घरी जाऊन, पाने मागून, तिच्या देखत. आदल्या आठवड्यात तिनं तेही बंद केलं. “आता गाडी जशी आहे तशी,” ती म्हणाली. “हात लावायचा नाही. शब्द दे.” त्यानं दिला.

शर्यतीच्या दिवशी ऊन चांगलंच होतं. ताई काठी टेकत आली होती. कठड्याजवळ घडीची खुर्ची टाकून बसली आणि घरून आणलेलं शब्दकोडं सोडवू लागली. दुपारी सरावाला भाचीनं तीन वेळा गाडी पळवली. चौदा शहाण्णव, चौदा चौऱ्याण्णव, चौदा चौऱ्याण्णव. तिच्या पायाला रोजच्या कामाचं वळण होतं, तिन्ही वेळा तीच गाडी, तोच पाय. मिस्त्री आकड्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट करून बघत राहिला.

“लिही,” भाचीनं रंगाचा कुंचला त्याच्या हातात दिला.

“पंधरा लिहू?”

“मामा.”

त्यानं चौदा नव्वद लिहिलं. आकडा टेबलावर नोंदवला गेला. आता तो बदलता येणार नव्हता.

जोडी लागली ती बेकरीवाल्याशी. हा माणूस आपली पाव पोचवायची गाडीच घेऊन येई. मागच्या फळ्या काढल्या की झाली शर्यतीची गाडी, असा त्याचा हिशेब. काचेवर एकोणीस चाळीस. गेल्या दोन वर्षांत तो त्या आकड्यापासून कधी फार हलला नव्हता.

“तुमच्याआधी साडेचार सेकंद निघतो मी,” तो मिस्त्रीला म्हणाला. “तोवर चहा घेऊन घ्या.”

“तुमचा गिअरबॉक्स गेल्या वर्षी मीच केलाय,” मिस्त्री म्हणाला.

“म्हणून तर निश्चिंत आहे.”

आणि त्यांची पाळी यायच्या आधीच एका गाडीचं इंजिन फुटलं. धावपट्टीवर शंभर मीटर तेल सांडलं. लोक भुसा टाकू लागले, झाडू लागले, पुन्हा टाकू लागले. तास गेला, दुसरा गेला, मग तिसरा. उन्हं उतरली. ताईनं शाल काढली.

मिस्त्री गाडीला टेकून उभा होता. बॉनेटवर ठेवलेल्या तळव्याला पत्रा गार लागला, तेव्हा तो सरळ उभा राहिला. गार हवा दाट असते. त्याच दोन कार्बोरेटरांतून आता दुपारपेक्षा जास्त हवा इंजिनात जाणार होती. गाडी दुपारची राहिलेलीच नव्हती.

त्यानं मनातल्या मनात गणित मांडलं, मग नेहमीप्रमाणे त्यावर शंका घेतली. आपल्याला सगळं उगाचच वाटतं. हवा गार झाली म्हणून असा कितीसा फरक पडणार. पण तेच कार्बोरेटर त्यानं तीन दिवस ऐकले होते, ते किती ओढतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं पुन्हा गणित मांडलं, आणि पुन्हा तेच उत्तर आलं. आकडा बदलता येत नव्हता. गाडीला हात लावायचा नाही, हा शब्द दिलेला. उरला फक्त भाचीचा पाय.

भाची हेल्मेटचा पट्टा लावत होती. तो खिडकीपाशी वाकला.

“शेवटच्या खांबाच्या जरा आधी पाय उचल.”

“काय?”

“हवा गार झालीय. गाडी चौदा नव्वदच्या आत जाणार. बेकरीवाल्याला गाठलंस की पाय उचल आणि नुसती पुढे राहा.”

भाचीनं काच पूर्ण खाली घेतली. “जाणार म्हणजे? बहुतेक जाणार, की जाणार?”

“जाणार. चौदा ऐंशीच्या आसपास.”

“नक्की?”

“नक्की.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मामाच्या तोंडून हा शब्द तिनं जन्मात ऐकलेला नव्हता. मग तिनं मान डोलावली आणि काच वर घेतली.

दिवे लागले. पावाची गाडी आधी निघाली, अगदी सकाळी दुकानांना माल द्यायला निघावी तशी. एक, दोन, तीन, चार. मग दुधाळ गाडीचा दिवा हिरवा झाला. मागची चाकं घसरली नाहीत, गाडी थोडी बसली आणि उठली. पहिला गिअर, दुसरा. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होता. तिसरा पडला तेव्हा दोन्ही कार्बोरेटर एका घशातून बोलत होते. आता गाठलं असेल, आता ती पाय उचलेल, असं म्हणून त्यानं आवाज खाली येण्याची वाट पाहिली. आवाज खाली आला नाही. तो तसाच शेवटच्या खांबापलीकडे गेला.

त्यानं डोळे उघडले. फलकावर तिच्या बाजूला चौदा एक्याऐंशी होतं आणि त्याच्या शेजारी लाल दिवा. बेकरीवाला एकोणीस पंचेचाळीसनं मागून आला आणि जिंकला.

ताईनं खुर्चीवरूनच विचारलं, “आपली गाडी पुढे होती ना?”

“होती,” मिस्त्री म्हणाला.

“मग?”

“लिहिल्यापेक्षा लवकर पोचली. बाद.”

“म्हणजे जोरात गेली म्हणून हरली?” ताईनं शब्दकोडं मिटलं. “असला खेळ मी ऐकला नव्हता. बरं. रविवारी गाडी दारात.”

“रविवारी नाही जमायचं. सीटचे पाय ज्या पट्ट्यांवर बसतात, त्या मी कापून टाकल्यात. वजन होतं त्यांचं. नव्या करून जोडायला लागतील.”

“किती दिवस?”

“आठ.”

“मग त्याच्या पुढच्या रविवारी,” ताई म्हणाली. “दोन्ही कार्बोरेटर काढून पहिला एक बसवायचा, तेही धरलंयस ना त्यात?”

“धरलंय.”

भाची गाडी परतीच्या वाटेनं घेऊन आली. इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, पण उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मिस्त्री पलीकडचं दार उघडून शेजारच्या उघड्या पत्र्यावर, जिथे एकेकाळी सीट होती तिथे, गुडघे जवळ घेऊन बसला.

“मी पाय उचलायला घेतला होता,” ती म्हणाली. “बेकरीवाला मागे पडला तेव्हा. पायाचा अंगठा सैलसुद्धा केला. पण तू नक्की म्हणालास ना, चौदा ऐंशी. मला बघायचं होतं, खरंच तेवढे येतात का.”

“आले. एक्याऐंशी.”

“गाडी गेली मामा. माझ्यामुळे.”

“हो.”

“एवढंच? रागावशील तरी.”

“रागावलोय,” मिस्त्री म्हणाला. टेबलावरून आणलेली चिठ्ठी त्यानं खिडकीतल्या उजेडापाशी धरली. तिच्यावर सुरुवातीच्या वीस मीटरचा वेळ होता, अर्ध्या अंतराचा होता, शेवटचा वेगही होता. “ते घरी गेल्यावर. आधी सांग, दुसरा गिअर कुठे टाकलास? दुपारपेक्षा लवकर टाकलास तू.”

भाचीनं डोळे पुसले आणि चिठ्ठी बघायला त्याच्याकडे झुकली.

“थोडासा,” ती म्हणाली. “इंजिन मागत होतं.”