माझ्या नाकावरचे साठ किलो

मी एक लहान मोटार बोलते आहे. आवाज मालट्रकसारखा वाटला तरी दचकू नका. आवाज नवा आहे, मी तीच आहे. वय एकवीस वर्षे. दारे चार, पैकी सरळपणे उघडणारी तीन.

माझी मालकीण गुरांची डॉक्टर आहे. सतरा वर्षे मी तिला औषधांच्या पेटीसह गोठ्यागोठ्यांतून हिंडवले. शेवटच्या दोन वर्षांत मात्र माझ्या पेट्रोल इंजिनाने मान टाकली. डोंगरावरच्या वस्तीकडे जाताना, बहुधा नवव्या वळणाशी, ते धापा टाकू लागे. मग ती पेटी उचलून उरलेला चढ पायी चढे. अखेर पशुसंवर्धन कार्यालयातून पत्र आले: महिनाअखेरपर्यंत गाडीची सोय झाली नाही, तर वरची वस्ती दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवली जाईल. तो डॉक्टर दोन तासांच्या अंतरावर राहत होता. अडलेली गाय दोन तास थांबत नाही.

मालकिणीचा धाकटा भाऊ बसच्या डेपोत मेकॅनिक. तो म्हणाला, "ताई, हिच्यात टर्बो डिझेल टाकू. भंगारवाल्याकडे एक व्हॅन आलीय, मागून ठोकलेली. इंजिन ठणठणीत आहे."

"हिला पेलेल का ते?"

"व्हॅनच्या कागदांप्रमाणे साठ किलोंनी जड आहे. तेवढं आधी मोजून घेतलं की झालं."

मोजण्याची त्याची रीत साधी होती. जुने इंजिन जागेवर असतानाच माझ्या नाकावर साठ किलो ठेवायचे, नाक किती दबते ते पट्टीने पाहायचे आणि तितक्या जाडीच्या चकत्या स्प्रिंगांखाली घालायच्या. वजन म्हणून त्याने बायकोला हाक मारली.

"अहो, मी काय तराजूतला दगड आहे?"

"तुझं वजन किती?"

"साठ," ती जरा जास्तच पटकन म्हणाली.

"बघ ताई, अगदी मापात. बस इथे. हलू नकोस."

ती बसली. मी नाक खाली घातले. बरेच खाली घातले. आकडा माझ्या स्प्रिंगांना तत्काळ कळला होता, पण त्यांना विचारतो कोण? मालकिणीने भावजयीकडे एकदा नीट पाहिले आणि लगबगीने पेटीतल्या बाटल्या पुसायला घेतल्या.

रविवारी साखळीच्या कप्पीने माझे जुने इंजिन उचलले गेले. तो रिकामेपणा मी शब्दांत सांगू शकेन असे मला वाटत नाही. पावसाळ्यात छप्पर उडालेल्या घराला कदाचित कळेल. संध्याकाळपर्यंत नवे इंजिन बसले. ते सुरू होताच कुंपणावरची मांजर शेजारच्या अंगणात पोहोचली.

इंजिन बदलल्यावरच्या सरकारी तपासणीला मात्र मी नापास झाले. नाक चांगले दोन बोटे वर राहिले होते. दिव्यांचे स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही उजेड खाली येईना. तपासनीस म्हणाला, "हे दिवे रस्त्यासाठी आहेत की पाखरांसाठी? आठ दिवसांत आणा. तेव्हाही असंच असेल, तर गाडी मोडीत."

घरी येऊन भावाने पुन्हा कप्पी ओढून आणली. "त्या व्हॅनचे कागदच खोटे. हे इंजिन साठने जड नाहीच. ज्याच्या वजनाचा भरवसा नाही, ते ताईला डोंगरावर न्यायला द्यायचं? काढतो मी."

"मग वरच्या वस्तीचं काय?" मालकिणीने विचारले. त्याने साखळीचा आकडा इंजिनात अडकवला. मी चाके घट्ट रोवून उभी होते. त्याहून अधिक माझ्या हाती काही नव्हते.

तेवढ्यात बायको ओले हात पुसत दारात आली. "अहो, ती साखळी राहू द्या. खोटं इंजिन नाही बोललं."

"मग कोण?"

"ते साठ लग्नाच्या वर्षीचे होते."

त्याने खिशातून पेन्सिल काढली. "आणि आज?"

"ताईंना विचारा. माझं तुम्हाला पटायचं नाही."

मालकीण खाली पाहत म्हणाली, "त्र्याऐंशी. एखादा किलो इकडेतिकडे."

"तुला ठाऊक होतं?"

"वीस वर्षं जनावरांची वजनं नजरेनं सांगतेय मी."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला याच घरात जेवायचं असतं."

"म्हणजे मला गोठ्यात उभी करून पाहिलंत तर," भावजय म्हणाली, आणि पहिली हसलीही तीच.

भावाने गणित नव्याने मांडले आणि जास्तीच्या चकत्या काढल्या. सहाव्या दिवशी माझे दिवे रस्त्यावर आले. तपासनिसाने शिक्का मारला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही वर गेलो. नववे वळण कधी मागे पडले ते मालकिणीलाही कळले नाही. वस्तीवरचा गवळी धावत आला. "डॉक्टरबाई, चला लवकर, वासराचे पाय दिसायला लागलेत."

"पेटी घेऊन हो पुढे. गाडी बंद करून आलेच."

चढ संपला की तापलेल्या टर्बोला इंजिन बंद करण्याआधी थोडे शांत फिरू द्यावे लागते. भावाने तिला तसे बजावले होते. एरवी दार उघडे टाकून पळणारी माझी मालकीण त्या दिवशी अर्धे मिनिट बसली. स्टिअरिंगवर हात ठेवून तिने खालच्या सगळ्या वळणांकडे पाहिले. मग किल्ली फिरवून पळाली.

आता वरच्या वस्तीचा प्रत्येक चढ अशाच अर्ध्या मिनिटाने संपतो. वाचकहो, माझी एवढीच विनंती आहे: तुम्हीही चढून आलात की लगेच किल्ली फिरवू नका. गोठ्यातून हाक येते आहे. बहुधा कालवड झाली.