मंतरलेल्या पाण्यावर चाललेलं इंजिन

गॅरेजसमोर अख्खी गल्ली लोटली होती. फुंकरबाबांनी गवत कापायच्या यंत्रावर हात फिरवला, बाटलीतलं मंतरलेलं पाणी इंजिनच्या हवा ओढणाऱ्या तोंडात शिंपडलं, फूं केलं आणि दोरी ओढली. कित्येक महिने मुकं पडलेलं इंजिन धडाडलं! लोकांनी हात जोडले. तेवढ्यात ते खोकलं आणि गप्प झालं.

"पाहिलंत? जीव आहे आत," बाबा डोळे मिटून म्हणाले. "पण या घरावर सावली आहे. बाहेरून आलेली. ती गेल्याशिवाय हे टिकायचं नाही."

सगळ्या नजरा वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेल्या वहिनीकडे वळल्या.

"मला वाटतच होतं!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

घरातल्या धाकटीनं, वहिनीच्या नणंदेनं, दादाकडे पाहिलं. लोकांच्या बागा राखणारा तिचा सख्खा भाऊ, वहिनीचा नवरा, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"दादा, काहीच बोलणार नाहीस?"

"जाऊन येऊ दे तिला माहेरी. माझं पोट यंत्रावर आहे गं."

"मग यंत्रालाच धाड की माहेरी!"

धाकटी बाबांच्या बाटलीकडे वळली. गोडसर, डोक्यात जाणारा वास. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नाकात बसलेला. ईथर! तिनं बाटली हिसकावली, दूर रस्त्यावर डबीच्या झाकणात चार थेंब टाकले आणि काडी लावली. भप्प!

"तुमचं पाणी पेटतं हो, बाबा!"

"सावली बोलतेय," बाबा पुटपुटले आणि पिशवी आवरू लागले.

"हे आत गेलं की इंजिन तेवढ्यापुरतं चालतं," धाकटी म्हणाली. "म्हणजे ठिणगी पडतेय. पेट्रोलच पोचत नाहीये."

तिनं कार्ब्युरेटरची वाटी उघडली. तळाशी शिळ्या पेट्रोलची हिरवट, चिकट, आंबूस वासाची राळ. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं सुईएवढं भोक तिनंच बुजलेलं.

"टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र कुणी झाकून ठेवलं?"

"मीच," दादा म्हणाला.

राळ धुतली, बारीक तारेनं भोक मोकळं केलं, ताजं पेट्रोल भरलं. दादानं दोरीला हात घातला.

"थांब. वहिनी ओढेल."

वहिनीनं ओढली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. बाबा केव्हाच पसार झाले होते.

"काकू, पुढच्या वेळी घरच्या बाईला बोल लावण्याआधी चार स्क्रू काढून बघा," धाकटी ओरडली. "डोकं त्यासाठीच आहे."

दादा ओशाळं हसला. "बरं झालं. आता माहेरी जायला नको."

वहिनीनं दोरी सोडली.

"जाणार आहे," ती म्हणाली. "परत कधी यायचं, ते मी ठरवीन."