बरोबरची खूण

बाबा गेले, तरी त्यांच्या खोलीतून पेन्सिलीची खरखर येतच राहिली. भर दुपारी, मी भांडी घासत असताना. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. रक्त तपासणं हे माझं काम, आणि दोनदा पाहिल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही. तरी नळ बंद करून कान देऊन उभी राहायचे. भीती वाटायची, आणि ती का वाटते हे मला पक्कं ठाऊक होतं.

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर बाबांनी एक आकडा धरला होता: ९९,९९,९९,९३७. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, हे त्यांना स्वतःच्या हाताने बघायचं होतं. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं. त्या भरतात तीन हजार चारशे एक. रोज एक भागाकार, एक पान. नऊ वर्षांच्या वरचं काम. "उत्तर कुणी सांगाल तर याद राखा," असा घरात दम होता.

आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून ताळा दुसऱ्याने करायचा आणि त्याची खूण शेवटची, हा त्यांचा नियम. आई होती तोवर ती करायची. मग ते माझ्या गळ्यात पडलं. मी पहिल्याच आठवड्यात फोनवर उत्तर बघून घेतलं: मूळच. मग कशाला डोकं शिणवा? न बघता खुणा ठोकत गेले.

एकदा मात्र बाबांनी पान परत पुढे केलं.

"नीट बघितलंस ना, पोरी?"

"हो हो बाबा, अगदी बरोबर. तुमचं कधी चुकतं का?"

"बरं," म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

आठ महिन्यांनी शेवटचं पान झालं. "जिंकलो बघ! मूळ संख्याच," म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. पंधरवड्यात ते गेले.

खरखर थांबेना, तेव्हा मी वह्या काढून बसले. म्हातारा माणूस माझ्या खोट्या खुणांवर विसंबून गेला, हे मला खात होतं. उशिरा का होईना, माझी खूण असलेलं एकेक पान पडताळून बघू लागले. अकराव्या दुपारी ते पान आलं. मधल्या एका वजाबाकीत हातचा राहिला होता, आणि खाली बाकी आली होती शून्य. शेजारी माझी खूण. तिच्याखाली बारीक अक्षरात: 'भाग गेला. पोरीच्या ध्यानात आलेलं नाही, येऊ देऊ नये. फार मनापासून तपासते बिचारी.'

पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीची तारीख आणि पुढचा भाजक. अक्षर तितकंच नेटकं.

हरलेला आकडा ते आठ महिने माझ्यासाठी भागत बसले, आणि शेवटी लेकीशी खोटं बोलल्याचं ओझं घेऊन गेले. मी वही छातीशी धरून त्यांच्या खोलीत गेले आणि मोठ्याने म्हणाले, "मूळच आहे हो ती, बाबा. मला पहिल्यापासून माहीत होतं."