सलग पंधरा मिनिटं

“आमेन!” देवानंद मोठ्यानं म्हणाला आणि समोरून ‘आमेन’ येण्याची वाट पाहत डोळे मिटूनच बसला. पलंगावरून आवाज आला नाही. आजारी बाई, डोळा लागला असेल, असं मनाशी म्हणत त्यानं एक डोळा किलकिला केला आणि आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सतरा मिनिटं. पंधराच्या वर दोन झाली होती. मग त्यानं अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं.

बाईंचे डोळे उघडे होते. मान त्याच्याकडे वळलेली, एक हात चादरीबाहेर लोंबलेला.

“बाई? ओ बाई!” त्यानं हात धरला, नाकाशी बोटं नेली. श्वास नव्हता. वीज केंद्रात बॉयलरवर अठ्ठावीस वर्षं फिटरकी केलेला, फुटलेल्या वाफेच्या नळीपुढे न डगमगणारा हा गडी खुर्चीसकट भिंतीपर्यंत मागे सरकला.

स्टुलावर पाण्याचा तांब्या तसाच होता. शेजारी चमचा, कोरडा ठणठणीत.

कारण बाईंनी पाणी मागितलं होतं. अर्ध्या तासापूर्वी तो ऊर्जानगरच्या या क्वार्टरमध्ये पहिल्यांदाच आला, तेव्हा बाईंची मुलगी रीता चपला घालूनच उभी होती. “बरं झालं भाऊ, तुमी आले. मेडिकलातून औषध आनाचं हाय. बसता काय जरासे आईजवळ?” एवढं बोलून ती गेलीसुद्धा. आईला लकवा मारून तीन आठवडे झाले, मंगळवारी दवाखान्यातून घरी आणलं, इतपत देवानंदला चर्चमध्ये कळलं होतं. जास्त विचारपूस करायला त्याला सवड कुठे होती? अजून एका आजाऱ्याकडे जायचं होतं. त्यानं बायबल उघडलं आणि तेवढ्यात बाईंचे ओठ हलले.

“पानी.”

स्वच्छ ऐकू आलं त्याला. “हो बाई, देतो न,” तो म्हणाला. “पयले प्रार्थना करून घेऊ, मंग देतो.”

आता हे असं कोणी करतं का, असं तुम्ही म्हणाल. पण त्यामागे चर्चच्या भिंतीवरचा फ्लेक्स होता. पाळक प्रफुल उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी मंडळीत पुढारी घडवायचं मनावर घेतलं. फ्लेक्सवर पुरुषांची नावं आणि पुढे रोजच्या सवयी: पहाटेची प्रार्थना, वचनाचा एक अध्याय, उपवास, आजाऱ्याची भेट. भेटीत सलग पंधरा मिनिटं प्रार्थना झाली तरच हिरवी टिकली, मध्ये खंड पडला तर नाही. देवानंदची ओळ भरल्या पावसातल्या धानाच्या बांधीसारखी हिरवीगार होती. खोटं कशाला बोला, माणूस ढोंगी नव्हता. बॉयलरवर चेकलिस्टची शेवटची खूण केल्याशिवाय वाफ सोडत नाहीत, देवाकडेही तशीच शिस्त असणार, असं त्याला मनापासून वाटे. म्हणून त्यानं डोळे मिटले आणि सरकारपासून सुरुवात केली. मग खाणीतले कामगार, मंडळी, पाळक, पाळकांची सारखी बंद पडणारी मोटारसायकल. बाईंचा नंबर अगदी शेवटी लागला.

रीता औषधाची पिशवी घेऊन आत आली आणि दारातच थबकली. तिनं आईकडे पाहिलं, मग देवानंदच्या हातातल्या बायबलकडे.

“प्रार्थनेतच गेली काय, भाऊ?”

देवानंदनं नुसती मान हलवली. ती मान हलली आणि तो फसला.

दफनविधीला जो तो त्याचा हात हातात घेऊन म्हणत होता, “काय भाग्याची बाई! प्रार्थना ऐकत ऐकत गेली.” पाळकांनी फ्लेक्सवर भेटीच्या त्या शनिवारच्या चौकटीत स्वतःच्या हातानं हिरवी टिकली लावली. त्या टिकलीकडे पाहून देवानंदला भडभडून आलं. लोकांना वाटलं, किती हळवा माणूस!

आणि येत्या रविवारी त्याला मंडळीचा मुख्य वडील, म्हणजे पाळकांच्या खालोखालचा कारभारी, म्हणून उभं करायचं ठरलं. बारा वर्षं त्यानं या एका गोष्टीची वाट पाहिली होती.

घरी त्यानं बायकोला, दामिनीला, सगळं सांगितलं. ऐकून तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

“चूप राहा जी,” ती म्हणाली. “डाक्टरनं हात टेकले होते. थे काई वाचनार होती काय? आता रीताले सांगून तिचा जीव कायले जाळता?”

“मानूस पानी मांगून राह्यलं न मी घड्याळ पाहून राह्यलो, दामिनी!”

“म्हनून काय अख्ख्या मंडळीत आपलं तोंड काळं करता?”

आठवडाभर तो ड्यूटीवर गेला, जेवला, झोपला. प्रार्थनेला मात्र त्याला डोळे मिटवेनात. मिटले की समोर बाईंचे उघडे डोळे.

रविवारी चर्च गच्च भरलं. पाळकांनी त्याला पुढे बोलावलं. “डोक्यावर हात ठेवून वडील नेमण्याआधी भाऊ साक्ष देतील. अन्नपूर्णाबाईंच्या शेवटच्या घटकेची.”

देवानंदनं माइक धरला. दामिनीनं पहिल्या रांगेतून डोळे वटारले.

“बाई प्रार्थनेत गेली, हे खरं हाय,” तो म्हणाला. “पन तिनं मले पानी मांगतलं होतं. तांब्या हाताशी होता. मी देल्लं नाई. पंधरा मिनिटं मोडली असती म्हनून नाई देल्लं.”

पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला. “भाऊ फार नम्र आहेत...” ते चाचरत म्हणाले.

“नम्र नाई जी, पाळकसाहेब. मी खरं सांगून राह्यलो. मले वडील करू नका.”

बायकांच्या बाजूनं रीता उठली. आता ही शिव्याशाप देणार, म्हणून लोकांनी माना खाली घातल्या. देवानंदचीही तयारी होती. मारलं असतं तरी त्याला बरंच वाटलं असतं.

“आई बोलली?” रीतानं विचारलं.

देवानंदला काही समजेना.

“लकवा मारल्यापासून तिच्या तोंडातून शबद नव्हता निघाला, भाऊ. तीन हप्ते मी तिच्या तोंडाशी कान लावून बसली. डाक्टर म्हने, आता नाई बोलनार.” रीता पुढे येत येत थेट त्याच्यासमोर उभी राहिली. “तुमच्यासंग बोलली थे? आनखी काय म्हनली? माहं नाव घेतलं काय?”

“मधात तिचा आवाज आला होता,” देवानंद कसाबसा म्हणाला. “बराच वेळ आला. मले वाटलं, बाई संगं प्रार्थना करून राह्यली. मंग मी आवाज चढवला.”

“आठवून पाहा न, भाऊ. एखादा शबद तरी.”

त्यानं आठवून पाहिलं. त्या दुपारची स्वतःची सगळी प्रार्थना त्याला शब्द न् शब्द आठवत होती. बाकी काहीच आठवत नव्हतं.