हवालदाराचं पातेलं

हवालदार हे कुत्र्याचं नाव होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दारात आलेल्या माणसाची वरपासून खालपर्यंत झडती घेतल्याशिवाय तो कुणाला आत सोडायचा नाही, म्हणून सूनबाईच्या सासऱ्यांनीच ते नाव ठेवलं होतं. सासरे स्वतः अन्न तपासनीस. उभी हयात लोकांच्या स्वयंपाकघरांत नाक खुपसण्यात गेली. ते येताना दिसले की हॉटेलवाले ओट्यावरची फडकी बदलायला धावायचे. निवृत्त होऊन जमाना झाला तरी घरात आणि गल्लीत सगळे त्यांना साहेबच म्हणत. साहेब आणि हवालदार यांचं असं काही गूळपीठ होतं की सूनबाई चिडून म्हणायची, या घरातून माझी बदली झाली तरी या दोघांना महिनाभर कळायचं नाही.

तर या हवालदाराला खाज सुटली. आधी नुसता पंजे चाटायचा, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मग बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, कानांना आंबूस वास येऊ लागला, पोटावर पुरळ उठलं आणि काखेतले केस झडून कातडी काळवंडली. सूनबाई घरी पडदे शिवायची. मशीन चालू असतानाही तिला ती खरखर ऐकू यायची. नवरा कारखान्यात पाळीवर जाणारा, झोपेचा भुकेला माणूस. त्याने एकदा सांगून टाकलं की आता एकच औषधोपचार करायचा, त्याने गुण आला नाही तर कुत्रा मित्राच्या गोदामावर राखणीला जाईल. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांची आठवण अलीकडे उसवायला लागली होती. माणसांची नावं निसटत, पण हवालदाराचं नाव पक्कं होतं. कुत्रा गेला तर हा म्हातारा कशाला धरून राहील, असं सूनबाईला वाटायचं.

जनावरांची डॉक्टरीणबाई मोठी चिकाटीची होती. तिने बारीक दातांची फणी फिरवून निघालेला कचरा ओल्या कापसावर टेकवला. लाल डाग उमटला नाही, म्हणजे पिसवा नव्हत्या. कातडी खरवडून काचेखाली पाहिली, खरजेचे किडे नव्हते. कानाला थेंब दिले. मग म्हणाली की ही बहुतेक खाण्याची ॲलर्जी आहे, आणि ती रक्त तपासून नीट कळत नाही, खाणं बदलूनच कळते. हवालदाराने जन्मात कधी न खाल्लेलं काहीतरी शोधायचं आणि दोन महिने फक्त तेच द्यायचं. हवालदार चिकनवरच वाढला होता; सूनबाईच्या घरात मासा मात्र कधी शिजला नव्हता. ठरलं, उकडलेला मासा आणि बटाटा. वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वजन करून, झाकून. बिस्कीट नाही, हाडूक नाही, ताटातला तुकडा नाही. एक घास जरी चुकून गेला तरी सगळं मुसळ केरात.

सूनबाईने कंबर कसली. काट्यावर मासा तोलायचा, काटे काढायचे, पातेल्यावर झाकण ठेवून वर चिठ्ठी लावायची. पडदे घ्यायला येणाऱ्या बायका दारातूनच नाकाला पदर लावत. साहेबांना तिने पुन्हा पुन्हा समजावलं, पण सकाळचं दुपारी पुसलं जायचं. शेवटी लहान मुलाला सांगावं तसं तिने सोपं करून सांगितलं की आपल्या भांड्यातलं त्याला विष आहे, त्याच्या पातेल्यातलं तेवढं चांगलं. साहेबांनी मान हलवली. ही गोष्ट मात्र ते विसरले नाहीत.

आता सूनबाईचं एक गुपितही सांगायला हवं. साहेबांचं हृदय कमजोर होतं, त्याची गोळी रोज पोटात जायलाच हवी होती, आणि साहेब ती थुंकून टाकायचे. गालात धरायचे, खुर्चीच्या फटीत लपवायचे. हात टेकल्यावर तिने औषधवाल्याला विचारलं; ही गोळी कुटली तर चालते म्हणाला. तेव्हापासून दुपारी ती गोळी खलबत्त्यात कुटून त्यांच्या चिकनच्या सूपमध्ये मिसळायची. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वाटी रिकामी परत आली की तिच्या जिवात जीव यायचा.

पहिले काही दिवस हवालदाराची खाज उतरली. मग एकाएकी परत चढली. कान पुन्हा लाल, पंजे पुन्हा ओले. सूनबाईने घर पालथं घातलं. दात घासायची चिकनच्या चवीची पेस्ट फेकली, जंताच्या गोळीलाही तीच चव असते हे कळल्यावर ती बदलून आणली, नवऱ्यावर आळ घेऊन भांडून झालं. खाज हटेना. त्यात नवीनच काहीतरी सुरू झालं. हवालदार दिवसभर पडून राहायला लागला. दार वाजलं तरी नुसती मान उचलायचा. एकदा जिना चढताना मधेच बसला आणि बसूनच राहिला. इकडे साहेबांनाही दोन खोल्या ओलांडताना धाप लागायची, पायातल्या चपला घट्ट व्हायला लागल्या होत्या. वय झालं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं, पण मनात पाल चुकचुकली होती हे खरं.

डॉक्टरीणबाईने हवालदाराच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढली नाही. मग तिने पुन्हा लावली. म्हणाली, खाजेने असं होत नाही. ठोके फार मंद पडले आहेत.

"घरात हृदयाच्या गोळ्या कोण घेतं?" तिने विचारलं.

सासरे, असं सूनबाई कसंबसं बोलली. डॉक्टरीणबाईने हवालदाराला दिवसभर ठेवून घेतलं, सलाईन लावलं, आणि गोळ्या कुलपात ठेवायला सांगितलं. त्या कुलपातच होत्या. हे मात्र सूनबाईने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गोळी कुटली नाही. नुसतं सूप साहेबांच्या हातात दिलं, हवालदाराच्या भांड्यात मासा-बटाटा वाढला आणि मशीनवर बसल्यासारखं करून ती पडद्यांच्या ढिगाआडून बघत राहिली. साहेब वाटी घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत गेले. वाकताना त्यांना त्रास होत होता. त्यांनी सूपची वाटी हवालदारापुढे सरकवली, त्याचं भांडं उचलून मांडीवर घेतलं, खिशातून रुमाल काढून स्वतःचा चमचा पुसला आणि मासा खायला लागले. अगदी सावकाश, एकेक घास. मधूनमधून हवालदाराच्या बरगड्यांकडे बघत होते.

ती धावत जाऊन ओरडली, त्याला देऊ नका ते. वाटी हिसकावून घेताना सूप तिच्या अंगावर सांडलं. साहेब दचकले नाहीत. जुन्या दिवसांत एखाद्या हॉटेलच्या मालकाकडे बघत असतील, तसे तिच्याकडे बघत राहिले.

"त्याला दिलं की ओरडतेस," ते म्हणाले. "मला रोज वाढतेस तेव्हा नाही ओरडत."

त्याला ॲलर्जी आहे, त्याच्या अंगाला येतं, असं काहीबाही ती बोलली. साहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी नीट, जुन्या आवाजात सांगितलं. डोकं असं कधीकधी लख्ख चालायचं त्यांचं.

"सूनबाई, मी जन्मभर स्वयंपाकघरं तपासली. वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वजनकाटा, झाकण, वर चिठ्ठी. एवढं कुणासाठी करतात? ज्याला जगवायचं असतं त्याच्यासाठी. माझ्या वाटीच्या तळाला मात्र पांढरा गाळ बसतो. विष आहे असं तूच सांगितलंस. मला वाटलं, आपलं डोकं फिरलं असेल. म्हणून त्याला देऊन बघितलं. त्याला काही झालं नसतं तर मी तुझे पाय धरले असते." त्यांनी खाली बोट दाखवलं. हवालदार हनुवटी जमिनीला टेकून पडला होता. "हा बघ."

खोटं बोलायची संधी होती. गाळ मिठाचा आहे, पिठाचा आहे, काहीही चाललं असतं. पण सूनबाईला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठली, कुलूप काढून गोळ्यांची पट्टी आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. सगळं सांगितलं. रडतच सांगितलं. साहेबांनी पट्टी उजेडात धरून मागचं बारीक अक्षर वाचलं, तारीख तपासली आणि ती परत दिली.

"म्हणजे घालत होतीस," एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसापासून साहेबांनी तिच्या हातचं घेणं बंद केलं. पाणीसुद्धा नळाखाली ओंजळ धरून प्यायचे. खायचं ते फक्त हवालदाराच्या पातेल्यातलं, आणि त्यालाही रीत. आपल्या डोळ्यांदेखत झाकण उघडायचं, एकाच पातेल्यातून दोघांना वाढायचं, आधी हवालदाराला. त्याचं खाऊन झालं, तो थोडा वेळ चालला-फिरला, की मग साहेब चमचा उचलायचे. नवऱ्याने समजावून पाहिलं, मग चढ्या आवाजात बोलून पाहिलं. साहेबांनी त्याचंही नाव संशयितांच्या यादीत घातलं. हृदयाचे डॉक्टर घरी येऊन गेले. साहेबांनी दात असे मिटले की डॉक्टरांनाही ते उघडता येईनात. जाताना डॉक्टर जिन्यात हळूच म्हणाले, गोळी गेली नाही तर फार दिवस निघणार नाहीत. दवाखान्यात बांधून ठेवता येईल, पण त्या धसक्यानेच जातील.

हवालदार मात्र झपाट्याने सुधारला. चोरून मिळणारं चिकन बंद झालं, गोळी बंद झाली, आणि सगळं आपोआप जागेवर आलं. काखेत मऊ लव फुटली, कान कोरडे झाले, दारावरची झडती पुन्हा सुरू झाली. नवऱ्याने गोदामाचं नाव टाकलं. डॉक्टरीणबाई त्याच्या छातीला नळी लावून हसली. हृदय ठणठणीत आहे म्हणाली, पण मोठा दणका बसून गेलाय, ती गोळी पुन्हा पोटात गेली तर मी काही सांगू शकत नाही. मग तिने सूनबाईची पाठ थोपटली. इतकं काटेकोर पथ्य फार थोडी घरं पाळतात, असं ती म्हणाली. सूनबाईला ते कौतुक गिळवेना.

घरी साहेबांचे पाय सुजून चकचकीत झाले होते. आता ते आडवे झोपत नसत. खुर्चीतच बसून तोंड उघडं टाकून श्वास घेत. ओठांवर निळसर झाक आली होती. त्या दिवशी त्यांनी सूनबाईला तिच्या सासूच्या नावाने हाक मारली, आणि मग ओळखून तोंड फिरवलं. ती स्वयंपाकघरात आली. मासा तोलला, बटाटा सोलला. पातेल्याला वाफ आली तरी ती खलबत्त्याकडे बघत उभी होती. मशीनवर अर्धवट पडदा पडला होता, बाहेर हवालदार कुणावर तरी मजेत भुंकत होता, आणि ते भुंकणं ऐकून तिला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले, गोळी कुटली आणि चिमूटभर पूड पातेल्याच्या तळाशी, कडेच्या बटाट्यात दाबली. हवालदाराला वरवरचं वाढायचं आणि साहेबांना खालचं, असा तिचा हिशेब होता. यापेक्षा जास्त अक्कल तिच्यापाशी त्या घडीला नव्हती.

पातेलं खुर्चीजवळ नेऊन तिने झाकण उघडलं. साहेबांनी वाकून वास घेतला. हवालदार शेपूट हलवत येऊन उभा राहिला. तिने वरचा मासा अलगद डावावर घेतला तोच साहेबांनी हात आडवा केला. हातात जोर नव्हता, पण ती थांबली.

"असं नाही," ते धापा टाकत म्हणाले. "खालून ढवळून घे. नमुना नेहमी ढवळून घ्यायचा."

तिने त्यांच्या निळ्या ओठांकडे पाहिलं. हवालदाराकडे मात्र पाहिलं नाही. तिने ढवळलं, तळापासून, सगळीकडे सारखं. आधी त्याला वाढलं. तो मिटक्या मारत खायला लागला, भांडं फरशीवरून ढकलत ढकलत त्याने कोपऱ्यात नेलं आणि चाटून लख्ख केलं. साहेब बघत होते. हवालदार परत आला, त्यांच्या सुजलेल्या पायाशी दोनदा फिरला आणि उभा राहिला. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं. त्यांनी चमचा पुसला आणि खाल्लं. शेवटपर्यंत खाल्लं.

"हे पातेलं खोटं बोलत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रिकामी वाटी पुढे केली.

"अजून थोडं वाढ. आणि त्यालाही घाल."